टेपमधल्या गप्प जागा

गॅरंटी या शब्दावर माझा कधीच विश्वास बसला नाही. दुकानदार हसत हसत, वर चहा विचारून जी वस्तू देतो तिच्यात काहीतरी खोट असणारच, असं मला तेव्हाही वाटायचं आणि आजही वाटतं. म्हणून जयपुरात आम्ही टेपरेकॉर्डर घेतला तेव्हा मी तो दुकानातच पुन्हा पुन्हा लावून पाहिला, खोका उलटासुलटा केला आणि गॅरंटी कार्डावरचा शिक्का नीट उमटलाय की नाही ते उजेडात धरून बघितलं. दुकानदार माझ्या नवऱ्याला म्हणाला, "साहब, बहनजी को तो सीआयडी में होना चाहिए था." हे हसले. मला त्या हसण्याचाही राग आला.

ही ऐंशीच्या दशकातली गोष्ट. हे फौजेत होते आणि त्यांची बदली सरहद्दीवर, जिथे बायकामुलांना नेता येत नाही अशा ठिकाणी झाली होती. मी आणि सासूबाई जयपूरच्या आदर्श नगरात एका घराच्या वरच्या मजल्यावर भाड्याने राहू लागलो. सासूबाई साताऱ्याकडच्या. त्यांना अक्षरओळख नव्हती. यांचं पत्र मी वाचून दाखवायची, आणि वाचताना मी मधलं काहीतरी गाळते असं त्यांना वाटायचं. घरात संशयी मी एकटीच नव्हते! यावर यांनी तोड काढली. तिकडे युनिटमध्ये टेप आहे, पत्राऐवजी त्यावर बोलूनच पाठवतो म्हणाले. रजा संपवून परत जाण्याआधी घरासाठी टेपरेकॉर्डर घेतला, त्याच्या चालू करायच्या बटणावर माझ्या नेलपॉलिशचा ठिपका दिला आणि आईला सांगितलं, "हे दाबलं की मी बोलतो."

रजेवर येणाऱ्या कुणा जवानाबरोबर कॅसेट यायची. आम्ही दोघी समोर बसून ऐकायचो. सासूबाई हात मांडीवर ठेवून, पदर सारखा करून, जणू मुलगी पाहायला आलेल्या मंडळींसमोर बसल्या आहेत अशा. हे बोलायचे छानच, पण एक गोष्ट मला पहिल्या कॅसेटपासून खुपत होती. बोलता बोलता हे मधेच गप्प व्हायचे. "आई, गुडघा कसा आहे?" एवढं म्हणायचे, मग नुसती खरखर. मग "असू दे, असू दे" म्हणून पुढे सुरू.

हे "असू दे" कुणाला? शेजारी कोण बसलंय? मी आवाज मोठा करून कान लावून ऐकलं. बांगड्यांचा आवाज येतोय का, तेही ऐकलं, खोटं कशाला बोलू. तसं काही नव्हतं. मग वाटलं, काहीतरी बोलून नंतर पुसून टाकतात. किंवा मशीनच मधे मुकं होतं. शेवटी मी ते उचलून दुकानात नेलं. दुकानदाराने आपली गाण्यांची कॅसेट लावली. गाणं कुठेही न अडकता वाजलं. "मशीन ठीक है बहनजी, रिकॉर्डिंग में ही ऐसा है," तो म्हणाला. गॅरंटी द्यायची वेळ आली की दोष ग्राहकाच्या माथी, हे मला अपेक्षितच होतं.

त्यात आणखी एक भानगड. दुपारी मी शिवणाच्या क्लासला जायची. परत आले की कॅसेट मी थांबवली होती तिथे नसायची, पुढेमागे सरकलेली असायची. माझा संशय सरळ खालच्या घरमालकिणीवर. पंजाबी बाई, जिन्याच्या दाराची एक किल्ली तिच्याकडे, आणि आमच्या घरात काय चाललंय याची तिला भारी उत्सुकता. मी सासूबाईंना विचारलं, दुपारी कुणी वर येतं का? "न्हाई बा," त्या म्हणाल्या आणि उठून आत गेल्या. मी मनात म्हटलं, यांनाही तिने फितवलेलं दिसतंय.

आणि मग नेमक्या नको त्या वेळी मशीन बंद पडलं.

त्या दिवशी एक जवान नवी कॅसेट घेऊन आला. मी सवयीने विचारलं, "साहब ठीक हैं?" तो बुटांकडे बघत म्हणाला, "जी, अब ठीक हैं." अब! म्हणजे आधी नव्हते? पाणी प्यायलाही न थांबता तो गेला. "साहब ने सब इसमें बोल दिया है," एवढंच बोलला. मी घाईघाईने कॅसेट घातली, बटण दाबलं. आतून कण्हल्यासारखा आवाज आला, चाक अर्धं फिरलं आणि थांबलं. मी ओढूनच कॅसेट बाहेर काढली. फीत लोंबत होती. ती मी पेन्सिलीने गुंडाळली. काय झालं होतं यांना? ते सगळं माझ्या हातातल्या त्या डबीत होतं आणि मला ऐकता येत नव्हतं.

फौजी येऊन गेलेला पाहून घरमालकीण धावत वर आली. आपल्या भाच्याकडे टेप आहे, तिथे ऐका म्हणाली. मी नको म्हटलं. त्या मशीनने फीत चावून टाकली तर? आणि वाईट काही असलंच, तर ते परक्याच्या घरात, परक्यांच्या तोंडाकडे बघत ऐकायचं? सासूबाई कोपऱ्यात बसून होत्या. एरवी माझ्या आधी काळजी करणाऱ्या त्या बाई चकार शब्द बोलल्या नाहीत. याचाही मला संशय आला, पण तेव्हा तो कुठे ठेवायचा ते कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी मशीन मांडीवर घेऊन मी ऑटोने सोडाल्याला गेले. शहराच्या त्या भागात कंपनीचं दुरुस्ती केंद्र होतं, गॅरंटीतली कामं तिथे व्हायची. काउंटरमागे जाड मिशांचा एक माणूस होता. "रख जाइए, हफ्ते भर में देख लेंगे," तो म्हणाला. मला ठाऊक होतं हे. आठवडाभरात आतले चांगले भाग काढून घ्यायचे आणि जुने बसवायचे. मी म्हटलं, "मेरे सामने खोलिए. मैं यहीं बैठी हूँ." आणि खरंच स्टूल ओढून बसले.

तो पुटपुटत स्क्रू काढू लागला. प्रत्येक स्क्रू कुठे ठेवतो ते मी बघत होते. झाकण निघालं तशा आतून मुंग्यांची रांग बाहेर आली. माणूस मागे सरकला. कॅसेट जिथे बसते त्याच्या खालच्या चाकांवर काहीतरी चिकट साचलं होतं, आणि पट्ट्याजवळ तांदळाचे दाणे होते. लाल.

"बहनजी," तो आवाज खाली आणून म्हणाला, "यह तो किसी ने टोटका किया है. आपका किसी से झगड़ा तो नहीं?" करणी! क्षणभर माझ्या डोळ्यांसमोर घरमालकीण उभी राहिली. मग मी ते दाणे तळहातावर घेतले. कुंकवाच्या अक्षता होत्या त्या. चिकट होती ती साखर.

कार्तिक महिना चालू होता. यांचा वाढदिवस मी तारखेने धरते. सासूबाई तिथीने. तिथी होऊन गेली होती, माझ्या ध्यानीमनीही नव्हतं.

"गारंटी में नहीं आएगा," तो मशीन माझ्याकडे सरकवत म्हणाला. माझं डोकं फिरलं. त्याच्या टेबलावर तपासणीचा मीटर होता, त्यावर शेंदराचं स्वस्तिक काढलेलं आणि लाल धागा बांधलेला. मी बोट दाखवलं. "और यह क्या है? इसकी गारंटी भी गई क्या?"

"पूजा बाहर से होती है बहनजी," तो म्हणाला, "अंदर से नहीं."

मग मी खरं तेच सांगितलं. हे माझ्या सासूने केलंय, तिचा मुलगा बॉर्डरवर आहे, त्याचा आवाज यातून येतो. त्याने मशीन परत ओढून घेतलं, बाटलीतलं स्पिरिट कापसावर घेतलं आणि तो चाकं पुसू लागला. पट्टा बदलला, माझ्याकडून काही घेतलं नाही. इतका सरळ का वागला, याचा मला आजही संशय येतो. घरी येऊन मी मशीन हलवून पाहिलं, आत काही कमी केलंय का म्हणून.

घरी येईपर्यंत मी नुसती धुमसत होते. मुठीतल्या अक्षता सासूबाईंसमोर धरल्या. "हे काय आहे?"

त्यांनी लपवलं नाही. "वाढदीस हुता त्येचा. दरसाली ओवाळते. औंदा कुणाला ओवाळू?"

"अहो, पण साखर आत?"

"कडंचं बटन दाबलं की त्वांड उघडतंय की त्ये. त्वांड गोड केलं लेकाचं." मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "बिघडलं तवाच कळलं मला. माझ्या हातानं बंद पाडला मी त्येला."

म्हणजे दुपारी बटण दाबणारी घरमालकीण नव्हती. मला ओरडायचं होतं. फार ओरडायचं होतं. पण त्यांचे हात पदरात लपले होते. रात्रभर त्यांना काय वाटलं असेल, हे मनात आलं आणि माझा राग उतरला. मी मशीन पाटावर ठेवलं, कॅसेट घातली आणि म्हटलं, "ठिपक्याचं बटण तुम्हीच दाबा."

त्यांनी दाबलं. चाक फिरलं.

"आई, घाबरू नको," यांचा आवाज आला. "जीप उलटली होती. हात मोडला. आता प्लास्टर निघालंय, मी बरा आहे." आणि मग तीच ती खरखर.

सासूबाई मी शेजारी आहे हे विसरल्या. मशीनकडे वाकून म्हणाल्या, "कुठला हात रं?"

"उजवा," हे म्हणाले. "पण बोटं सगळी हलतात." पुन्हा खरखर.

"मग जेवतूस कसा?"

"चमच्याने जेवतो गं. डाव्या हाताने."

मी मशीनकडे नाही, त्यांच्याकडे बघू लागले. माझ्यासमोर इतके दिवस हात मांडीवर ठेवून बसणाऱ्या सासूबाई दुपारी एकट्या असताना रोज अशाच बोलत असणार. आई काय विचारेल ते यांना पाठ होतं, आणि तिला बोलायला वेळ मिळावा म्हणून हे थांबत होते. त्या गप्प जागांना मी कान लावून बांगड्या शोधत होते.

मग हे माझ्याशी बोलू लागले. नेहमीच्याच आवाजात.

"आणि तू. तुला कळवलं नाही म्हणून चिडली असशील. बोल, काय बोलायचंय ते."

खरखर सुरू झाली. मला बोलायचं खूप होतं. फीत नुसतीच फिरत राहिली. सासूबाईंनी मला कोपराने ढोसलं.

"बोल की गं," त्या म्हणाल्या. "थांबलाय त्यो."