आत तेवीस, बाहेर एकोणीस

'अंदाज' हा शब्द मराठी भाषेतून कायमचा काढून टाकण्यासाठीच माझ्या मोठ्या नणंदेचा जन्म झालेला आहे, असं बावीस वर्षांच्या संसारानंतर माझं ठाम मत झालं आहे. ताई आयटीआयमध्ये टर्नर ट्रेडच्या इन्स्ट्रक्टर होत्या. मुलांकडून लेथवर लोखंड कातून घ्यायचं आणि ते केसभर कमी-जास्त झालं की भंगारात टाकायला लावायचं, हे त्यांनी तीस वर्षं केलं. रिटायर झाल्या तेव्हा लेथ सुटलं, मुलं सुटली, केसाइतकी जाडी मोजायचं व्हर्नियर तेवढं सुटलं नाही. बाकीच्या बायकांच्या पर्समध्ये कंगवा असतो तिथं यांच्या पर्समध्ये ते असतं आणि त्याची पोलादी शेपटी चेनमधून कायम बाहेर डोकावत असते. माझं लग्न होऊन आठवडा झाला नव्हता तेव्हा त्यांनी माझ्या पोळीची जाडी मोजली होती. सासूबाईंनी विचारलं, सून स्वयंपाकाला कशी आहे, तर म्हणाल्या, "कडा दोन मिलिमीटर, मधात दीड. हात सारखा पडत नाही, बाकी मुलगी चांगली आहे." त्यांचं स्वतःचं लग्न झालं नाही, त्याबद्दलही घरात एक कथा आहे. स्थळ चांगलं होतं, मुलगा रेल्वेत होता, उंची साधारण पाच फूट आठ इंच सांगितली होती. ताईंनी चहाचा ट्रे खाली ठेवला, त्याला दाराच्या चौकटीला पाठ लावून उभं केलं आणि पेन्सिलीनं खूण केली. सव्वा इंच कमी भरला. पुढचं बोलणं तिथंच थांबलं. ती खूण आमच्या चौकटीवर बरीच वर्षं होती आणि पुढं माझी मुलं आपली उंची त्या अनोळखी माणसाच्या उंचीशी ताडून पाहायची.

अशा बाईची गाडी बिघडली आणि तिची दुरुस्ती माझ्या वाट्याला आली, एवढीच माझी हकीकत आहे.

गाडी त्यांनी स्वतःच्या पगारातून घेतलेली, लाल, छोटी. तिचा दुसरा गिअर उडायला लागला. टाकला की दहा पावलांवर आपसूक बाहेर यायचा. ताई एका हातानं स्टिअरिंग आणि दुसऱ्या हातानं गिअरचा दांडा घट्ट धरून गाडी हाकायच्या. शेजारी बसलेल्याला वाटायचं, बाई गाडीशी कुस्ती खेळून राहिली आहे. शहराच्या टोकाला वाडी आहे, तिथल्या मिस्त्रीनं गिअरबॉक्स उघडून पाहिला आणि सांगितलं, आतलं सगळं झिजलं, याचे पार्ट आता येत नाहीत, गाडी काढून टाका. माझ्या नवऱ्यानं हा सल्ला फारच मनावर घेतला. बहिणीला न सांगता त्यानं गाडीचे फोटो काढले आणि मोबाईलवर जाहिरात टाकली. पहिला फोन आला तो ताईंचाच. आवाज बदलून त्यांनी विचारलं, गाडी किती चालली आहे. हा म्हणाला, असेल साधारण ऐंशी हजार किलोमीटर. त्यावर पलीकडून खऱ्या आवाजात उत्तर आलं, "साधारण काहून म्हणतो? मीटर पाहाले डोळे नाहीत का तुले?" त्यानंतर माझ्या नवऱ्यानं या प्रकरणातून अंग काढून घेतलं आणि दर शनिवारी त्याला ऑफिसात काम निघू लागलं. राहिले मी आणि माझी स्कूटी.

ताईंचा बेत कागदावर अगदी सोपा होता. त्याच कंपनीची एक थोरली गाडी आहे, तिचा गिअरबॉक्स आपल्या इंजिनाला बसतो, आणि तसा एक वाडीच्या कबाड्याकडे, म्हणजे भंगारवाल्याकडे, पडला आहे. तो आणायचा, लावायचा, संपलं. आम्ही तो आणला आणि इंजिनाला तो खरोखर बसला. मी घरी येऊन शिरा केला. दुसऱ्या दिवशी कळलं की शिरा करायची घाई झाली. गिअरबॉक्सची ताकद चाकापर्यंत नेणारा एक लोखंडी दांडा असतो, त्याला एक्सल म्हणतात. डाव्या चाकाला एक, उजव्याला एक, दोघांची लांबी वेगळी. त्याचं आतलं टोक गिअरबॉक्समध्ये शिरतं आणि बाहेरचं टोक चाकाच्या मधल्या भागात, म्हणजे हबमध्ये. दोन्ही टोकांना दाते असतात आणि ते समोरच्या खाचांत बरोब्बर बसावे लागतात. हे सगळं मला आज झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येईल, कारण ताईंनी ते आमच्या जेवणाच्या टेबलावर पेपर पसरून, त्यावर एक्सल ठेवून, वरण उकळत असताना शिकवलं आहे. तर नव्या गिअरबॉक्सला तेवीस दात्यांचं टोक लागत होतं आणि आमच्या जुन्या एक्सलला वीसच होते.

मग थोरल्या गाडीचा एक्सल आणला. तो आत बसला, पण बाहेरच्या टोकाला त्याचे बावीस दाते आणि आमच्या हबला एकोणीस. मग थोरल्या गाडीचा हब आणला. त्यात एक्सल बसला, पण त्या हबवर आमचं चाक बसेना, कारण बोल्टांमधलं अंतर जास्त. मग थोरल्या गाडीचं चाक आणलं. ते बसलं, पण वळवलं की मडगार्डला घासायचं. त्या टप्प्याला मी ताईंना विचारलं की आता उरलेली थोरली गाडीही आणायची का, म्हणजे आपली लाल गाडी तिच्या डिकीत ठेवता येईल. त्यांनी तो प्रश्न गांभीर्यानं ऐकला आणि म्हणाल्या, जुन्या हबला हात लावायचा नाही. कंपनीनं मध्यंतरी एक मॉडेल काढलं होतं, त्यात थोरल्या गाडीचा गिअरबॉक्स आणि धाकटीचे हब होते. त्याचे एक्सल शोधायचे. आत तेवीस, बाहेर एकोणीस.

हे आकडे मी पुढं चार महिने जपले. कॉलेजच्या लायब्ररीतली माझी नोकरी, तिथल्या सुट्टीच्या शनिवारी माणसं झोपतात, मी कबाड्याच्या दुकानात उकिडवी बसून दाते मोजायचे. ताई स्वतः मोजत नसत. त्या माझ्यामागं उभ्या राहून, "पुन्हा मोज," म्हणत. एकदा मोजला की पुन्हा, आणि दोन्ही वेळा सारखा आकडा आला तर खात्रीसाठी तिसऱ्यांदा. मला वाटायचं, मास्तरकीची खोड आहे, आयटीआयची पोरं गेली म्हणून आता मी. एका गोल टोकाचे दाते मोजताना सुरुवात कुठून केली ते विसरायला होतं, म्हणून मी एका दात्याला नेलपेंट लावायची युक्ती काढली. विदर्भातल्या बऱ्याच एक्सलना आज गुलाबी टिकली आहे, ती माझी.

डावा एक्सल अखेर वाडीलाच मिळाला. तो आणताना मी स्कूटी चालवत होते आणि ताई मागं एक्सल मांडीवर आडवा घेऊन बसल्या होत्या. दोन्ही बाजूंनी तो हातभर बाहेर. नाक्यावर हवालदारानं अडवलं आणि हे काय चाललं आहे म्हणून विचारलं. दुसरं कोणी असतं तर माफी मागितली असती. ताईंनी एक्सल त्याच्याच हातात दिला, आतलं टोक कोणतं, बाहेरचं कोणतं ते सांगितलं आणि मोजायला लावलं. मागं ट्रकांची रांग लागली होती. हवालदारानं तेवीस मोजले, पुन्हा मोजायला सांगितल्यावर पुन्हा तेवीस मोजले, आणि मग अतिशय थकलेल्या आवाजात म्हणाला, "जा मावशी, फक्त याले उभं धरा."

उजवा मात्र मिळेना. तशातच कन्हानला माझ्या मावस दिराच्या मुलीचा साखरपुडा आला. आम्ही दोघी आमच्यातल्या रिवाजाप्रमाणे पांढऱ्या साड्या नेसून निघालो. कामठी सोडल्यावर रस्त्याच्या कडेला एक कबाड्याचं दुकान लागलं आणि मागून माझ्या खांद्यावर थाप पडली. मी स्कूटी थांबवली, पण उतरले नाही. आज मी आत येणार नाही, दाते मोजणार नाही आणि या साडीला काळं लावून घेणार नाही, असं एका दमात सांगितलं. ताई क्षणभर उभ्या राहिल्या. मग एकट्याच आत गेल्या आणि वीस मिनिटांनी पेपरात गुंडाळलेला एक्सल घेऊन बाहेर आल्या. "मिळाला," एवढंच म्हणाल्या. हॉलवर पोचलो तेव्हा बुद्धवंदना सुरू झाली होती. ताईंनी एक्सल आहेराच्या टेबलावर साड्यांच्या शेजारी ठेवला. मुलीचे काका बराच वेळ त्याच्यावर देणाऱ्याच्या नावाची चिठ्ठी शोधत होते. माझ्या पाठीवर ग्रीसचा जो पट्टा उमटला होता तो सगळ्या फोटोंत आला आहे.

त्या रविवारी आम्ही मिस्त्रीकडे गेलो. आतलं टोक सहज बसलं. बाहेरचं हबमध्ये जाईना. मिस्त्रीनं फिरवून पाहिलं, पुसून पाहिलं, तेल लावून पाहिलं. ताई जवळच उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "ठोक." मिस्त्रीचा हात थांबला. तीस वर्षं या बाईनं मुलांना सांगितलं होतं की जे ठोकून बसवावं लागतं ते चुकीचं असतं, आणि त्यातलाच एक मुलगा मोठा होऊन आता हातात हातोडा धरून उभा होता. तो म्हणाला, "मॅडम, एकदा मोजून घेऊ का?" मी पुढं होऊन मोजले. दोनदा मोजले. वीस होते.

मग मात्र माझा तोल गेला. चार महिन्यांचे शनिवार, पांढरी साडी, नवऱ्याचं हसणं, सगळं तोंडातून बाहेर पडलं. मिस्त्रीसमोरच मी म्हटलं की एवढं एकच काम तुम्ही स्वतः केलं आणि तेच चुकवलं, मग इतके दिवस मला तीन-तीनदा मोजायला लावून का छळलं. ताईंनी मला बोलू दिलं. माझं संपल्यावर त्या तिथल्या टायरवर बसल्या आणि म्हणाल्या, "मले मधातलं दिसत नाही वं. कडंचं दिसते. तुझे कान दिसून राहिले, चेहरा नाही दिसत."

मिस्त्री हातोडा ठेवून पाणी आणायला गेला. मी विचारलं, कधीपासून. दिवाळीच्या आधीपासून, त्या म्हणाल्या. धंतोलीला डॉक्टरकडे एकट्याच ऑटोनं जाऊन आल्या होत्या. डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग झिजत चालला आहे, आणखी झिजेल, इंजेक्शनं घेऊन जरा हळू झिजेल, असं त्यानं सांगितलं होतं. इंजेक्शनंही त्या एकट्याच घेत होत्या. त्या दिवशी दाते त्यांनी बोटानं चाचपून मोजले होते. मी विचारलं, घरी का नाही सांगितलं.

"सांगितलं असतं तर तुम्ही गाडी विकली असती," त्या म्हणाल्या. मग म्हणाल्या, "दिसून राहिलं तोवर एक काम बरोबर करून ठेवायचं होतं."

मी तो वीसवाला एक्सल उचलला आणि स्कूटीला बांधायला घेतला.

मंगळवारी रजा टाकून मी एकटी कन्हानच्या रस्त्याला गेले. कबाड्यानं विचारलं, "बहनजी नहीं आई?" मी म्हटलं, आज मीच. त्याच्या ढिगातले सगळे एक्सल मी उपसले. दुपारपर्यंत कोपरापर्यंत काळी झाले होते. मिळाला. आत तेवीस, बाहेर एकोणीस, लांबी उजव्या बाजूची. माझ्याच मनानं मी तो चौथ्यांदाही मोजला.

मिस्त्रीनं तो लावताना ताईंनी हबवर तळहात ठेवला होता. टोक आत सरकलं, एक बारीकसा टक् आवाज झाला, आणि मिस्त्रीनं काही म्हणायच्या आत ताई म्हणाल्या, "बसला." मी चावी त्यांच्यापुढं धरली. त्या गाडीला वळसा घालून डावीकडच्या सीटवर जाऊन बसल्या. माझ्याकडे लायसन्स बऱ्याच वर्षांपासून होतं, गाडी चालवायची सवय नव्हती. वाडीच्या नाक्यावर माझ्या हातून गाडी तीनदा बंद पडली आणि प्रत्येक वेळी माझं काय चुकलं ते मला सविस्तर ऐकवण्यात आलं. क्लच अर्धवट सोडते, गिअर उशिरा टाकते, इंजिन ओरडून सांगून राहिलं तरी ऐकत नाही. घरी पोचेपर्यंत त्यांच्या डोळ्यांबद्दलची माझी सगळी कणव संपली होती आणि मी त्यांच्याशी जेवणापर्यंत बोलले नाही. आता इंजेक्शनला मीच त्यांना धंतोलीला नेते. जाताना आणि येताना हेच ऐकते.

मागच्या महिन्यात एकदा दुपारी लायब्ररीतून लवकर घरी आले. ताई खोलीत नव्हत्या. गॅलरीतून पाहिलं तर त्या खाली, कंपाऊंडात उभ्या असलेल्या गाडीत बसल्या होत्या, उजवीकडच्या सीटवर. इंजिन बंद. हात गिअरवर होता. पहिला, दुसरा, तिसरा, चौथा, अगदी सावकाश. मग पुन्हा खाली. क्लच दाबताना पाठ थोडी पुढं व्हायची. मी चपला घालून खाली गेले आणि शेजारचं दार उघडून बसले. त्यांनी मान माझ्याकडे वळवली नाही.

"कुठं जायचं आहे तुले?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, तुम्ही न्याल तिकडं. चावी वर घरातच होती. त्यांनी पहिला गिअर टाकला. फाटकातून बाहेर पडल्या, डावीकडं वळल्या, सिग्नलला थांबल्या. फुटाळा तलावाच्या उतारावर दुसरा टाकून हळू घेतली. कुठं आलो ते त्या एका शब्दात सांगायच्या आणि मी हो म्हणायचे. मी एकदाही काही बोलले नाही त्यांच्या चालवण्याबद्दल, बोलायला जागाच नव्हती. समोरच्या भिंतीवर दोरीला वाळत घातलेला माझ्या मुलाचा शर्ट हलत होता. अर्ध्या तासानं त्यांनी रिव्हर्स टाकला, मान मागं वळवून बराच वेळ काच पाहिली, मग हँडब्रेक ओढला.

"तू उतर," म्हणाल्या, "मी गाडी लावून येते."

मी उतरले, आणि जिन्याशी उभी राहिले.