सभेआधीचं प्रोसिडिंग

सभा बुधवारी अकरा वाजता होती आणि तिचं प्रोसिडिंग सोमवारीच लिहून माझ्या पिशवीत तयार होतं. अध्यक्ष कोण, ठराव कोणी मांडला, अनुमोदन कोणी दिलं, आणि शेवटी 'सर्वानुमते मंजूर'. अक्षरही सुंदर आलं होतं, कारण घरी पंख्याखाली बसून लिहिलं होतं.

मी ग्रामसेवक. सरकारने हल्ली आमचं नाव ग्रामपंचायत अधिकारी असं केलंय, पण लोक आधीही भाऊसाहेब म्हणायचे आणि आताही तेच म्हणतात. माझ्याकडे धारूर तालुक्यातली, घाटाच्या अंगाची दोन गावं आहेत. ही हकीकत त्यातल्या लहान गावची.

ग्रामसभा म्हणजे गावातल्या सगळ्या मतदारांची सभा. तिला कोरम लागतो. पंधरा टक्के मतदार किंवा शंभर मतदार, यातलं जे कमी असेल तेवढी माणसं समोर हवीत. ती कधीच नसतात. म्हणून आमच्याकडे एक पद्धत पडून गेलीय. दोन दिवस आधी शिपाई हजेरीचं रजिस्टर घेऊन घरोघर फिरतो. लोक दारात उभ्या उभ्या सह्या करतात. सभेच्या दिवशी पाच-सात जण येतात, चहा घेतात आणि जातात. हे चूक आहे हे मला माहीत होतं. सव्वीस वर्षं माहीत होतं.

ते दिवस वाईट होते. जिल्ह्याचं नाव रोज टीव्हीवर. मारहाण, धमक्या, कुणाचा तरी व्हिडिओ, एक मोर्चा आणि त्याला उत्तर म्हणून दुसरा मोर्चा. आमच्या एवढ्याशा गावात दोन समाजांची माणसं एकमेकांच्या दुकानात जायची बंद झाली होती. मी सकाळी डोळे उघडले की आधी मोबाईल बघायचो आणि चहा समोर निवून जायचा. बायको म्हणायची, "ठिवा तो फोन बाजूला. तुमी बघितल्यानं बातम्या कमी व्हायल्यात का?" कमी होत नव्हत्या, पण बघितल्याशिवाय राहवतही नव्हतं. मला वाटायचं, सगळं कुठंतरी वर ठरून येतंय, आपण खाली नुसतं लिहून घ्यायचं.

विषय गायरानाचा होता. गायरान म्हणजे गावच्या जनावरांना चरायला राखलेली सरकारी जमीन. त्यावर एका कंपनीला सोलरचे पॅनल टाकायचे होते आणि त्यासाठी ग्रामसभेचा ना हरकत ठराव हवा होता. शेतीला दिवसा वीज मिळेल असं सांगत होते, आणि ते काही खोटं नव्हतं. कुंपणाचं आणि मुरमाचं काम आबांना मिळणार होतं. आबा म्हणजे गावातले सगळ्यात मोठे बागायतदार. तालुक्यात कुणाचंही सरकार आलं तरी त्यांची गाडी पुढच्याच रांगेत लागते.

सभेच्या आधीच्या आठवड्यात ते स्वतः ऑफिसात आले होते.

"भाऊसाहेब, ठराव सर्वानुमते पाहिजे. कंपनीचे लोक लई बारीक बघत्यात."

"माणसं यायला पाहिजेत आबा. कोणी काही विचारलं तर..."

"कोण इचारतंय? टीव्हीवर सगळे बघायलेत. आजकाल कोण तोंड उघडतंय?" आबा हसले. जाताना दारात थांबले. "पोरगी अंबाजोगाईला शिकती ना तुमची? बरी हाय ना?"

"बरी आहे," मी म्हणालो. ती धमकी होती की चौकशी, मला आजही सांगता येणार नाही. पण त्या दिवशी मी मुलीला तीन वेळा फोन केला. तिसऱ्या वेळी ती चिडली.

सोमवारी संध्याकाळी शिपाई भानुदास रजिस्टर घेऊन परत आला. पानं भरली होती. "धनगरवस्तीवरच्या मैनाबाईनं सही केली न्हाई," तो म्हणाला.

"का?"

"म्हणली, सभा अजून झाली न्हाई, तर मी आलते म्हून सही कशी करू? वरून नोटीस वाचून दाखीव म्हणली. म्या दाखवली वाचून."

भानुदासचा हाच दोष. कुणी काही सांगितलं की करतो.

नियमाने ग्रामसभेच्या आदल्या दिवशी महिलांची वेगळी सभा घ्यावी लागते. आमच्याकडे तीही कागदावरच होते. मंगळवारी मी दुसऱ्या गावात घरपट्टीचं काम करत बसलो होतो. साडेअकराला भानुदासचा फोन आला.

"भाऊसाहेब, एक बाई आलीय."

"कोण?"

"मैनाबाई. महिला सभेला आलीय म्हणती. पायरीवर बसलीय."

"सभा पुढं ढकलली म्हणून सांग."

"नोटिशीत आजची तारीख हाय, मीच वाचून दाखवली तिला," भानुदास म्हणाला. मी गाडी काढली.

मैनाबाई पन्नाशीची बाई. ऐंशीएक मेंढरं, दोन सुना, आणि नवरा वारल्यापासून सगळा कारभार तिच्या अंगावर. ती अजून पायरीवरच बसली होती. मी कुलूप काढून तिला खुर्ची दिली, तर ती खाली सतरंजीवर बसली. मग मीही खाली बसलो. सभेला एक बाई, एक ग्रामसेवक आणि एक शिपाई. माझ्या पिशवीतल्या प्रोसिडिंगात त्याच सभेला त्रेचाळीस महिला हजर होत्या.

"ठरावात तळ्याच्या वाटंचं काय लिवलंय?" तिने विचारलं.

गायरानाच्या पलीकडे पाझर तलाव आहे. वस्तीवरची मेंढरं गायरानातून जाऊन तिथं पाणी पितात. दुसरी वाट चार मैलांच्या फेऱ्याची. ठरावात सगळ्या गायरानाला कुंपण होतं आणि वाटेचं नावही नव्हतं.

"वाटेचं काही नाही," मी म्हणालो.

"म्हंजी वाट गेली. उन्हाळ्यात येवढ्या फेऱ्यानं मेंढरू जगत न्हाई, भाऊसाहेब. इकावी लागतील सगळी. मग आमी करायचं काय? कोयता घेऊन ऊस तोडायला जायचं?"

"उद्या सभेत बोला ना." मी हे सहज म्हणालो. ऑफिसातला माणूस समोरच्याला उठवायला असंच काहीतरी म्हणतो.

तिने माझ्याकडे नीट बघितलं. "बोलले तर लिवता का?"

"बोललं की लिहावंच लागतं. नियम आहे."

"बरं," म्हणून ती उठली. निघताना रजिस्टर मागून घेतलं आणि मंगळवारच्या पानावर सावकाश सही केली. त्या दिवशीची तेवढीच एक सही खरी होती.

मी लगेच विस्तार अधिकाऱ्यांना फोन लावला. ते आमचे वरचे साहेब, पंचायत समितीत बसतात.

"साहेब, उद्याची रजा द्या. बीपी वाढलंय."

"सभा आहे ना उद्या? घेऊन टाका."

"विषय वादाचा आहे."

"नियमाने करा."

"नियमाने म्हणजे नेमकं कसं साहेब?"

"म्हणजे माझं नाव कुठं येऊ देऊ नका," साहेब म्हणाले आणि फोन ठेवला.

बुधवारी सकाळी घाट चढताना मी मनापासून इच्छा करत होतो की मैनाबाईने येऊ नये. हे लिहायला लाज वाटते, पण तसंच होतं. तिला ताप यावा, एखादं मेंढरू हरवावं, काहीही व्हावं. मला तीन वर्षांनी सुखरूप रिटायर व्हायचं होतं.

अकराला ऑफिसात सरपंच, आबा, आबांची चार माणसं आणि भानुदास होते. सरपंच तरुण, भला मुलगा, पण आबांच्या पॅनलमधून निवडून आलेला. आबांनी घड्याळ बघितलं. "करा सुरू." मी पिशवीतून पुस्तक काढलं.

तेवढ्यात वस्तीवरच्या बायका आल्या. मग माणसं. मग गावातली माणसं यायला लागली, तीही दोन्ही समाजांची. ऑफिस भरलं, व्हरांडा भरला, काही जण खिडकीशी उभे राहिले. बसले मात्र सगळे वेगवेगळे, एका बाजूला हे आणि दुसऱ्या बाजूला ते. मधली सतरंजी रिकामी. भानुदास मोजत होता. शंभराच्या पुढे गेल्यावर तो माझ्या कानाशी आला आणि म्हणाला, "भाऊसाहेब, कोरम भरला." त्याने हे वाक्य नोकरीत पहिल्यांदाच उच्चारलं असावं.

"एवढे लोक आले कसे?" मी हळूच विचारलं.

"मैनाबाई काल दुपारपासनं घरोघर फिरत व्हती. म्हणली, भाऊसाहेबानं शबूद दिलाय, जे बोलाल ते लिवतेत."

मी शब्द दिला नव्हता, मी बाईला उठवलं होतं. पण ते आता शंभर माणसांना कसं सांगायचं?

मी ठराव वाचला. वाचताना दोनदा पाणी प्यावं लागलं. सरपंचाने विचारलं, "सगळ्यांना मान्य?" कोणी बोललं नाही. एरवी ही शांतता म्हणजेच आमचं सर्वानुमत. आबा उठायला लागले.

"माझा इरोध हाय," मैनाबाई म्हणाली. ती उभी राहिली होती आणि पदराचं टोक हातात धरलं होतं. "लिवा."

"बस खाली मैना. गावाचा इकास हाय," आबा म्हणाले.

"पॅनल टाका आबा. लाईट आमाला बी पाहिजे. पर तळ्याची वाट सोडा. मेंढरं कुंपणावरून उड्या मारून पाण्याला जायची न्हाईत."

कोणीतरी हसलं. आबांनी मागे वळून बघितलं आणि हसू थांबलं. मला वाटलं, झालं, आता हे लोक उठून जातील. मीही पेन खाली ठेवला होता.

मग दुसऱ्या बाजूने किसनराव बोलले. हे आबांच्याच भावकीतले, सत्तरीचे. वस्तीवरच्या माणसांशी ते गेले सहा महिने बोलले नव्हते. "वाट सोडायला काय झालं, आबा? माझ्या म्हशी बी त्याच वाटंनं जात्यात. माझं बी नाव लिवा."

"तुमी बी, काका?" आबा म्हणाले.

"म्हशीला कुठं माहीत हाय मी कोणाच्या बाजूचा हाय?"

मग नावं यायला लागली. एक ह्या बाजूचं, एक त्या बाजूचं. शंभर माणसं माझ्या हाताकडे बघत होती. समोर माझ्याच सुंदर अक्षरात 'सर्वानुमते मंजूर' लिहिलेलं होतं. मला मुलीची आठवण झाली. खरं सांगतो, मला फक्त तिचीच आठवण झाली. आबाही माझ्याकडे बघत होते.

"लिहा भाऊसाहेब, लिहा," ते म्हणाले. त्यांचा सूर मला ओळखता आला नाही.

मी त्या ओळीवर रेघ मारली. शेजारी सही केली, कारण खोडलं की सही करायची असा नियम आहे. खाली लिहिलं, 'श्रीमती मैनाबाई यांनी विरोध नोंदवला.' त्याखाली सतरा नावं. अक्षर इतकं वाईट आलं की नंतर मलाच वाचता येईना.

अर्ध्या तासाने सुधारित ठराव झाला. तळ्याकडची वाट, दोन बैलगाड्या शेजारून जातील एवढी रुंद, आणि तळ्याच्या काठची जमीन सोडून बाकी गायरानाला ना हरकत. आबांनी शेवटी सगळ्यांदेखत, "वाटच ना, सोडू की," असं म्हणून चहा सांगितला. सतरंजीच्या मधल्या रिकाम्या जागेत चहाची किटली ठेवली गेली. दोन्ही बाजूंनी हात आले. बोलणं कुणी कुणाशी केलं नाही.

आबांनी पुढे मला काही केलं नाही. पण एकदा रस्त्यात भेटले तेव्हा मुलीची चौकशी केली, आणि मी घरी येऊन परत तिला फोन केला. पॅनल बसलेत. वाट आहे. मैनाबाईची मेंढरं तिथून रोज जातात.

दोन महिन्यांनी दप्तर तपासणी झाली आणि मला नोटीस आली. 'प्रोसिडिंग बुकात खाडाखोड केल्याबाबत खुलासा सादर करावा.' विस्तार अधिकाऱ्यांनी बोलावून घेतलं.

"आधी लिहून ठेवलं होतं असं कबूल करू नका हं लेखी."

"मग काय लिहू साहेब?"

"काहीतरी नियमाने लिहा."

मी एका ओळीत खुलासा दिला. 'सभेस मतदार प्रत्यक्ष हजर राहिल्यामुळे खाडाखोड करावी लागली.' साहेबांनी तो दोनदा वाचला आणि फाइलला लावला. मला सक्त ताकीद मिळाली, ती सर्व्हिस बुकात आहे.

बातम्या अजून तशाच आहेत. मी अजून सकाळी उठून आधी मोबाईल बघतो आणि चहा अजून निवतो. नंतरच्या सभेला साठच माणसं आली, त्याच्या पुढच्या सभेला सत्तर. कोरम भरला नाही, तर मी तसंच लिहिलं आणि सभा तहकूब केली. आदल्या दिवशी मी आता पुस्तकात फक्त तारीख टाकतो. खालचं पान कोरं ठेवतो.