शॉकअप बदलले तो रविवार

आईचा आजार मणक्यात उतरला तेव्हा तिला मोटारीत बसणं जमेना. वाकून सीटवर टेकायचं आणि उतरताना पुन्हा उठायचं, एवढ्यातच ती घामाघूम व्हायची. बाबांची पिकअप मात्र तिला चालायची. पायरीवर पाय ठेवला, मी मागून आधार दिला की ती जवळजवळ उभ्यानेच सीटवर सरकायची. इथल्या तमिळ मुलखातल्या आवडी गावच्या संरक्षण कारखान्यातून निवृत्त झाल्यावर बाबांनी ही जुनी गाडी घेतली होती, आसपासच्या दुकानांचा माल पोचवायला. आईचे उपचार सुरू झाले आणि माल बंद झाला. मीही सिरुसेरीच्या ऑफिसातून घरून काम करायची परवानगी घेतली. आठवड्यातून दोनदा आम्ही तिघं पिकअपमधून इस्पितळात जायचो, आई खिडकीपाशी, मी मधे.

गतिरोधक आला की गाडी उडायची आणि नंतर कितीतरी वेळ डुलत राहायची. प्रत्येक हेलकाव्याला आईच्या तोंडून बारीक आवाज यायचा. एका शनिवारी घरी परतल्यावर बाबांनी गाडीच्या पुढच्या भागावर सगळा भार टाकून दाबलं आणि सोडून दिलं. गाडी वरखाली होत राहिली.

"शॉकअप गेलेत," ते म्हणाले. मग माझ्याकडे न बघता, "इतके दिवस तुझ्या आईला मीच हाणत होतो."

"गॅरेजला देऊ या ना."

"तो दोन दिवस ठेवून घेईल. परवा हिला न्यायचंय."

संध्याकाळी ते बसने माउंट रोडजवळच्या सुट्या भागांच्या दुकानात जाऊन चार नवे शॉकअप घेऊन आले.

रविवारी सकाळी घरासमोरच काम सुरू झालं. बाबांनी गाडी जॅकवर उचलली, खाली लाकडी ठोकळे लावले, चाकं काढली. मी पाने हातात देत होते. खालचे नट गंजून घट्ट बसले होते. बाबांनी त्यांवर डिझेल सोडलं, हातोडीने ठोकलं, पुन्हा पाना लावला. अडुसष्ट वर्षांचं वय. पाना निसटून बोटांची सालं निघाली तेव्हा त्यांनी फडकं गुंडाळलं आणि पुन्हा गाडीखाली गेले. शेजारच्या तमिळ मामी ताक ठेवून गेल्या. आई दारात उशा लावून खुर्चीवर बसली होती.

"अहो, आधी जेवून घ्या."

"झालंच."

झालं नव्हतं. दुपारचे दोन वाजले तरी दोनच निघाले होते. जुना शॉकअप हाताने दाबला की सरळ आत जायचा आणि तिथेच राहायचा. त्याच्या अंगावर तेल आणि मातीचा थर बसला होता. बाबा नवा घेऊन आईकडे गेले. "दाबून बघ."

आईने दोन्ही हात लावले. तो हललासुद्धा नाही. "मला नाही बाई जमत."

"म्हणजे चांगला आहे," बाबा म्हणाले आणि दोघंही हसली. किती दिवसांनी हसली होती.

सोमवारी निघालो. डुलणं खरोखरच थांबलं होतं. पण खड्डा आला की दणका पूर्वीपेक्षा जास्त कडक, सरळ पाठीत बसत होता. गाडी माल वाहायची, तिचे स्प्रिंगचे पाटे जाड. शॉकअपने हेलकावे थांबले, दणके कसे थांबणार?

"कसं वाटतंय?" बाबांनी विचारलं.

"परवायिल्लै," आई म्हणाली. इतक्या वर्षांत तमिळमधून तिने घेतलेला हा शब्द. बरं असो, नसो, ठीक आहे म्हणायला तोच. मग म्हणाली, "पाळण्यात बसल्यासारखं वाटतंय बघा." तेव्हा तिची नखं माझ्या हातात रुतली होती.

बाबा इस्पितळात रांगेत उभे राहायला गेले तशी ती मला म्हणाली, "त्यांना सांगू नकोस हं. काल दिवसभर जमिनीवर पडून होते."

मी सांगितलं नाही. पाच आठवडे आम्ही असेच गेलो. मग डॉक्टरांनीच आता आणू नका म्हणून सांगितलं, आणि अठरा दिवसांनी, सकाळी, ती घरातच गेली.

दोनेक महिने झाले असतील. मी आणि बाबा जेवायला बसलो होतो. ते एकदम म्हणाले, "त्या सोमवारी तुझ्या हातावर नखांचे वण होते."

मी विचारलं, "तुम्ही तेव्हा काही म्हणाला का नाहीत?"

"ती मला बरं वाटावं म्हणून एवढं करत होती. ते कसं मोडू?"

तेव्हा माझ्या लक्षात आलं, की त्या सोमवारनंतरच्या खेपेपासून ते दुसऱ्या गिअरच्या वर गेलेच नव्हते. मागच्या गाड्या हॉर्न मारत राहायच्या आणि मला वाटायचं, बाबा म्हातारे झाले.

मी त्यांच्या ताटात भात वाढला. नको म्हणाले नाहीत, पण जेवलेही नाहीत.