घर रिकामं दिसू नये म्हणून

घराला कुलूप लावून आत कोणी नाही हे तुम्ही नेमकं कोणाला सांगता? किन्हवलीला आलेल्या प्रत्येक पाहुण्याला माझ्या आत्याचे यजमान, म्हणजे आमचे आतोबा, हा सवाल चहाच्या आधी टाकायचे. कुलपाचा इतका तिरस्कार करणारा माणूस अख्ख्या शहापूर तालुक्यात दुसरा झाला नसेल. बाजाराला निघताना ते दार नुसतं ओढून घेत, दोरीवर ओली लुंगी टाकत आणि अंगणातून आत हाक मारत, "दादा, आमी जाऊन येतो, कुत्र्याला भाकर टाक." घरात दादा नव्हता आणि कुत्राही नव्हता. आत्या उन्हात ताटकळत म्हणायची, "चला आता, दादा जेवंल त्याचा तो." एकदा दोघं मुरबाडला लग्नाला गेली, तेव्हा घर भरलेलं दिसावं म्हणून आतोबांनी माळ्यावरच्या जुन्या चपलांचा ढीग दारात मांडला. भरदुपारी आलेल्या आत्याच्या जावेनं तो पाहिला आणि कोणीतरी गेलं असं समजून अंगणातच गळा काढला. सगळी आळी धावली. संध्याकाळी परतलेले आतोबा आपल्याच अंगणात रडणाऱ्या गर्दीकडे पाहून शांतपणे आत्याला म्हणाले, "बघ गो, घराला दिवसभर राखण होती का नाय?"

पण त्यांचा खरा जीव गावाबाहेरच्या वाडीत. दिवाळीनंतर तिथली कातकरी कुटुंबं दारं सुतळीनं बांधून वीटभट्टीवर जायची, आणि घरं वापरात दिसावीत म्हणून आतोबा रोज सकाळी त्यांची अंगणं झाडायचे. गावात साधा तांब्या हरवला तरी याच वाडीवर संशय घेणारी आमची प्रतिष्ठित माणसं हसायची, "त्यांच्याकडं चोरायला काय हाय?"

"दार हाय," आतोबा म्हणायचे. "पावसाआधी परत येतील तवा दार नको?"

ते झाडत होते तोवर वाडीतलं एकही दार गेलं नाही. आता गुडघ्यांनी त्यांना ओटीवर बसवलंय. गेल्या उन्हाळ्यात भट्टीवरून परतलेल्या एका बाईला घराचं दार जागेवर मिळालं नाही, कौलंही नाहीत. ती ओटीच्या पायरीवर येऊन बसली. मग आतोबा म्हणाले, "यंदा मी आलो नाय गो."

तेवढंच.

तुमच्याही गावात दिवाळीनंतर अशी घरं मागे राहतात. कोणाच्या हुकमाची वाट पाहू नका. उद्या सकाळी खराटा घ्या आणि त्यातलं एक अंगण झाडून या.