रिकाम्या जागेत कोण आलं?

भुताखेतांच्या गोष्टी निघाल्या की मी उठून जाणारा माणूस. अजूनही कोणी विचारलं तर मानत नाही असंच सांगेन... पण हे माझ्याच घरात, भर दुपारी घडलं, म्हणून लिहितोय.

मी रिसोड तालुक्यातल्या केनवडचा. पुण्यातल्या एका कंपनीचं सॉफ्टवेअरचं काम घरूनच करतो. तेव्हा बायकोचे, प्रणालीचे, दिवस भरत आले होते. आधीचं बाळ पोटातच गेलेलं, त्यामुळे आम्ही सगळे जीव मुठीत धरून होतो.

त्या दिवसांत मी एक नवी प्रोग्रामिंगची भाषा शिकत होतो. तिच्यात शब्दांवर नियम लिहिता येतात — अमुक नमुना दिसला, तर हे उत्तर दे. नियम जुळला नाही, तर जे टाकलं तेच जसंच्या तसं परत येतं. सरावासाठी मी घरातली नाती घातली. बापाची बहीण ती आत्या, वगैरे. राहिलं बाळ. जन्माआधी नाव ठेवायचं नाही ही आईची सक्त ताकीद, म्हणून नावाच्या ठिकाणी मी त्या भाषेतली रिकामी जागा ठेवली. तिथे कोणीही चालतं.

"काय करून राह्यला?" आईने सोयाबीन निवडता निवडता विचारलं. मी समजावून सांगितलं, तसे तिचे हात थांबले.

"रिकामा पाळना कोनी हालवते का? कोनीबी येऊन बसीन त्याच्यात. पुस ते."

"आई, कोड आहे तो," म्हणून मी बटण दाबलं. या रिकाम्या जागेचं माझ्याशी नातं काय? उत्तर यायला हवं होतं, मूल. आलं — थोरला भाऊ.

घरात थोरला मीच. हा शब्दच मी कुठे लिहिला नव्हता. ही भाषा विचारलं की आपले सगळे नियम दाखवते, तेही पाहिले. नव्हताच. लॅपटॉप बंद करून चालू केला, इंटरनेट काढलं... तेच.

हसत हसत आईला वाचून दाखवलं. तिच्या चेहऱ्यावरचा रंगच उडाला.

"तुले कोनं सांगतलं?" ती म्हणाली. "तुह्या आधी एक पोट्टा झाला व्हता मले. पाचवी पुजाच्या आधीच गेला. तुह्या बापानं शपथ घातली व्हती, त्याचं नाव काढाचं नाही म्हनून."

खरं सांगतो, घाबरलो. आता आमचंही बाळ पाचवीच्या आत... आणि ते पुसताना बाळालाच काही झालं तर? मी कशालाच हात लावला नाही. प्रणालीला तर काहीच बोललो नाही.

वाशिमच्या दवाखान्यात मुलगी झाली, ठणठणीत. पाचवी झाली, बारसं झालं. मुलीच्या नावाचा वेगळा नियम लिहून पाहिला, उत्तर आलं 'मुलगी'. सुटलो म्हटलं. मग पुन्हा रिकामी जागा टाकली. थोरला भाऊ.

ते पुसायला घेतलं तर आईनेच माझा हात धरला.

"तुही पोरगी आली न सुखरूप? मंग त्याले काहून हाकलतं? मी त्याले नीट पायलंबी नव्हतं. राहू दे."

तेव्हापासून सकाळचा चहा देताना ती हळूच विचारते, "हाये न?" मी बघतो आणि हो म्हणतो. माझ्या क्षेत्रातल्या दोघातिघांना फाइल दाखवली, कोणालाही काही सांगता आलं नाही.

मागच्या आठवड्यात पहिल्यांदाच रिकामी जागा जशीच्या तशी परत आली. कोणीच नाही. आई कप घेऊन उभी होती. मी "हाये" म्हणालो. तिथून तो कुठे गेला, ते मला अजून कळलेलं नाही.