गार पाण्याचा कौल

कुसगावच्या महिपतीकडे जायचं तर म्हशीला ‘सरक’ म्हणूनच आत शिरावं लागे. गोठ्याच्या कोपऱ्यात त्याचं टेबल. टेबलावर लोखंडी जबड्याचा शेगडा, माळ्यावर पाण्याचं पिंप, पिंपातून खाली आलेली नळी आणि भिंतीवर विजेचा खटका. जन्मभर रेल्वेत फिटर होता गडी, घाट चढणाऱ्या इंजिनांचे विजेवर चालणारे व्हॉल, म्हणजे झडपा, तपासायचा. पेन्शन लागली आणि पंचाहत्तर सालच्या सुमारास हे नवंच काम दारात आलं.

काम आणलं कामशेतच्या विठ्ठलनं. हा पुण्याच्या एका मोठ्या दवाखान्यात मेकॅनिक. किडन्या निकामी झालेल्यांचं रक्त धुवायचं परदेशी मशीन तिथं होतं. त्यात औषधाचं पाणी फिरतं. ते फार तापलं किंवा बिघडलं की मशीन व्हॉलची वीज तोडतं आणि व्हॉल पाणी माणसाकडे जाऊ न देता गटारात वळवतो. पाणी चढलं की आपण खाचराचा बांध फोडून ओढ्याकडे वाट देतो ना, तसंच. फक्त इथं वाट अडली तर खाचर नाही, माणूस जातो.

नवे व्हॉल बोटीनं यायचे, म्हणजे कधी यायचे देव जाणे. म्हणून अडकलेला व्हॉल विठ्ठल साफ करायचा आणि जेवणाच्या डब्यात घालून महिपतीकडे आणायचा. महिपती तो शेगड्यात धरी, पाणी सोडी, खटका दाबी. टक्! पाणी माणसाच्या बाजूला. सोडला की पुन्हा टक्! पाणी गटाराच्या बाजूला. “ने. पास.”

बस, एकदाच. मी त्याचा सोबती, गोठ्यात बसून बघायचो. एकदा म्हणालो, “अरं, आनखी एकदा दाबून बघ की.”

डोळे वटारले त्यानं. “बहिरोबाचा कौल उजवा पडल्यावर परत इचारतोस का? देव कोपतो. ह्येचं बी तसंच.”

आम्हा सगळ्यांना ते पटायचं. त्याची बायको रतनबाई तेवढी नाक मुरडायची. “देव गप ऐकून घेतो. ह्यो पितळंचा कशाला कोपतोय?”

मग त्यांच्या एकुलत्या लेकीला, शालनला दुखण्यानं धरलं. मळवलीला दिली होती. आधी पाय सुजले, मग तोंड. आठवड्यातून दोनदा ती त्याच मशीनवर जाऊ लागली. तेव्हापासून खटका दाबताना महिपतीचे ओठ हलायचे.

एका सकाळी विठ्ठल आला तो बसलाच नाही. डबा टेबलावर ठेवला. “आबा, परत आलाय ह्यो.”

“मी पास केल्याला?”

“व्हय. काल एका मास्तरला लावला हुता. पानी तापत गेलं, वीज तुटली, पर ह्यानं वळीवलंच न्हाई. अंग जळतंय म्हनून मास्तर वरडला. नर्सनं हातानं नळी दाबली म्हनून वाचला.”

महिपतीनं तो चढवला. टक्, टक्. पाणी बरोबर वळलं. आयुष्यात प्रथमच त्यानं दुसऱ्यांदा खटका दाबला. टक्, टक्. तिसऱ्यांदा तेच. मला आमच्या गावच्या कोंबडीचोराची आठवण झाली. पाटलासमोर असा साव व्हायचा, की पाटलानं एकदा त्यालाच खुराडं राखायला बसवलं! सांगायला तोंड उघडलं, महिपतीचा चेहरा बघून मिटलं.

बाहेर बंब धुमसत होता. रतनबाई घंगाळ भरत होती. “इठ्ठल, तितं पानी कसलं असतंय रं?”

“कोमट, मावशी. अंगाएवढं ऊन. तासन् तास वाहतंय.”

“मग हितं डोंगराच्या गार पान्यानं काय इचारताय त्येला?”

आम्ही बंबातलं पाणी पिंपात ओतलं. महिपतीनं खटका दाबून धरला. पितळ तापत गेलं. म्हशीचं रवंथ तेवढं ऐकू येत होतं. मग त्यानं खटका सोडला.

आवाज नाही. पाणी माणसाच्या बाजूलाच वाहत राहिलं.

त्यानं व्हॉल काढून गार पाण्यात बुडवला, पुन्हा चढवला. टक्, टक्.

“इठ्ठल,” तो हळूच म्हणाला, “आत्ता मशीनवर हाय त्यो व्हॉल?”

“त्यो बी तुमीच पास केल्याला, आबा.”

“गार पान्यावर.”

रतनबाईच्या हातातला तांब्या घंगाळात पडला. “आज मंगळवार. शालन तितंच हाय.”

विठ्ठल सायकल काढून लोणावळ्याच्या पोस्टाकडे पळाला, ट्रंककॉल लावायला. महिपती जागचा हलला नाही. दाबायचा, सोडायचा. दाबायचा, सोडायचा. बंब विझला तरी कोणी त्याला थांब म्हणालं नाही. दुपार कलल्यावर विठ्ठल आला. “काढली तिला. बरी हाय. त्यो व्हॉल तितं ऊन पान्यावर बगितला, चांगला निघाला.”

महिपती हसला नाही. “निघाला,” एवढंच म्हणाला.

त्यानंतर त्या घरात व्हॉलच्या आधी कोणाची आंघोळ होत नसे. पहिलं ऊन पाणी व्हॉलला, आणि तेही एकदा नाही, न्याहारीपर्यंत पुन्हा पुन्हा.

शालन पुढं दोनेक वर्षं जगली. गेली ती मशीनवरच. हृदय थकलं होतं, मशीनचा दोष नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. दहावा झाला आणि विठ्ठल भेटायला आला. महिपतीनं हात पुढं केला. “तिच्या वक्ताचा व्हॉल.”

विठ्ठलनं तो डब्यातून आणलाच होता.

मी बंब पेटवला. महिपतीनं व्हॉल शेगड्यात आवळला, ऊन पाणी सोडलं, खटका दाबून धरला. पितळ पोळू लागलं तेव्हा सोडला. टक्. पुन्हा दाबला, पुन्हा सोडला. टक्.

“गड्या, चांगला हाय ह्यो,” मी म्हणालो. “कौल उजवा हाय.”

त्यानं माझ्याकडे पाहिलं नाही. “पानी निवत आलंय,” म्हणाला. “आनखी आन.”