शकूची बिनशब्दांची रेकॉर्ड

आमच्या घरात धान्य कधी साठलं न्हाय, पण शकूचे किस्से मात्र कणगीभर साठले. एक काढावा तर खालून दुसरा वर येतो. आता नातवंडं टेप लावून बसतात आणि मला विचारतात, "आजी, आवाज कमी करू का?" अरे, ज्या बाईनं शकूला वाढवलं, तिला तुमच्या टेपचा कसला आलाय त्रास!

आमचे मालक लाउडस्पीकरवाले. म्हणजे काय, तर एक भोंगा, एक बॅटरी, एक चावीचा फोनो आणि पत्र्याच्या पेटीत रेकॉर्डी. लग्न असो, बारसं असो, सोसायटीची मीटिंग असो, आमचा भोंगा झाडावर! मालक तो बांधायला वर चढायचे आणि खाली फोनोपाशी आमची थोरली, शकू. दर रेकॉर्डीला चावी भरायची, सुई बघायची. चौदा वर्षांची पोर, पण हात असा हलका की ओरखडा उठायचा न्हाय.

तोवर सगळं बरं चाललं होतं!

*

एकदा मालकांनी सोलापूरच्या बाजारातनं जुन्या रेकॉर्डींचा गठ्ठा आणला. सगळी सिनेमाची गाणी. एकीवरचा कागद तेवढा निघून गेलेला, कशाची हाय काय कळंना. शकूनं तीच लावली. नुसती सारंगी, रेडिओवर कुणी मोठा माणूस गेला की वाजायची तसली! शब्द एक न्हाय.

मी चुलीपुढं शकूला भाकरी भाजायला बसवून गोठ्यात गेले होते. तिनं फोनो पार चुलीपाशी ओढून आणला होता. परत येऊन बघते तर घरभर धूर, तव्यावर कोळसा, आणि ही बया गुडघ्यावर हनुवटी ठेवून बसलेली.

शेजारच्या रहिमतभाभी पळत आल्या. "क्या जला, क्या जला?"

मी म्हटलं, "माझं नशीब!"

शकूनं डोळे पुसले आणि म्हणती कशी, "माय, मला हेच आवडतंय."

जसं काय मी विचारलंच होतं! मला म्हणाल तर गाणं म्हणजे ढोलकी पाहिजे, माणसाचा पाय हलला पाहिजे. हिचं ऐकून तर बैलसुद्धा बसून घ्यायचा.

*

त्याच साली दुष्काळ पडला. लग्नं बंद, भोंगा घरात. मी खडी फोडायला जायची. गावाला टँकर यायचा, पण कधी यील त्याचा भरवसा न्हाय. म्हणून सरपंचांनी आमचा भोंगा मारुतीच्या पारावर बसवला. टँकर आला की शकूनं रेकॉर्ड लावायची, ती ऐकून वस्तीवरची माणसं घागरी घेऊन येणार. लई हुशारीचं काम!

एका दुपारी भोंग्यावर सारंगी वाजली. आमी बायका हातोडे टाकून पळालो. म्हातारी माणसं पळाली, बाळंतीण पळाली. पारापाशी येऊन बघतो तर टँकर न्हायच! शकू एकटी, डोळे मिटून बसलेली.

सरपंचांनी विचारलं, "टँकर कुठाय?"

"टँकर न्हाय आला."

"मग रेकॉर्ड कशापायी लावली?"

"ऐकायला!"

दुसऱ्या दिवशी खरा टँकर आला, भोंगा वाजला, आणि गावातलं एक माणूस जागचं हललं न्हाय! शेवटी सरपंच घरोघरी बोंबलत फिरले. तोवर आमी मायलेकींनी मात्र डोक्यावरनं आंघोळ करून घेतली. त्या अख्ख्या सालात शकूच्या नादाचा मला झालेला फायदा तेवढाच.

*

पुढल्या साली पाऊस झाला, दोन सालांनी गावात दूध सोसायटी निघाली. उद्घाटनाला तालुक्याचे चेअरमन येणार. मालकांनी शकूला दम भरला, "उडती गाणी लावायची. कळलं?"

"व्हय अण्णा."

चेअरमनची जीप दोन तास आली न्हाय. उडती गाणी तीन-तीनदा उडून झाली. मग हिनं आपली काढली!

आणि नेमकी तेव्हाच जीप आली. चेअरमन खाली उतरले, सारंगी ऐकली, डोक्यावरची टोपी काढली आणि हात बांधून उभेच. सरपंच हार घेऊन पुढं झाले, तर चेअरमन हळू आवाजात म्हणाले, "मला नंतर. आधी फोटोला घाला."

घरी येऊन मालक कडाडले, "परत ही वाजली तर लोणच्याच्या बरणीवर झाकण घालीन हिचं!"

शकू म्हणाली, "घाला. पण बरणी उन्हात ठिवू नका अण्णा, रेकॉर्ड वाकती."

*

झालं! शकूला अठरावं लागलं तोवर 'मयताची गाणी लावणारी पोरगी' म्हणून तिचं नाव सगळीकडं झालं होतं. एक स्थळ तर एसटी स्टँडवर चहा पिऊन तिथूनच माघारी गेलं. माझ्या जिवाला घोर लागला. पोरगी रूपानं बरी, कामाला वाघीण, आणि एका सारंगीपायी घरात बसती का काय!

शेवटी तेरखेड्याचं स्थळ आलं. फटाके करणारं घर. मी मालकांना म्हटलं, "बरंय. आयुष्यभर बार ऐकलेली माणसं, त्यांस्नी आपली सारंगी कुठली ऐकू जाती!"

मुलगा आला, संगं त्याचा चुलता. चुलता कानानं पार गेलेला, मुलगा खाली मान घालून बसलेला. इकडचं तिकडचं झालं, आणि शकूनं चहाची कपबशी हातात दिल्या दिल्या मुलालाच विचारलं, "तुम्हाला काय ऐकायला आवडतं?"

मी तिला असा चिमटा काढला!

मुलगा लाजून चहा बशीत ओतायला लागला. चुलता ओरडला, "आँ? काय म्हनती?"

मी कानापाशी जाऊन ओरडले, "मुलाला काय आवडतं, विचारती!"

"त्याला काय बी आवडत न्हाय! लई गुणाचं पोरगं हाय!"

माणसं गेल्यावर शकू म्हणाली, "माय, काय बी न आवडणाऱ्या माणसासंगं मी बोलू काय?"

"भाकरी वाढायला बोलावं लागत न्हाय!" मी म्हटलं.

ती दोन दिवस जेवली न्हाय. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "करते लग्न. पण मांडवात एकदा माझी रेकॉर्ड वाजली पाहिजे. शेवटची."

मालकांनी कपाळाला हात लावला आणि हो म्हणाले.

*

लग्नाच्या दिवशी दोघं पाटावर उभी, मधी अंतरपाट, अक्षता वाटून झालेल्या. पण चेअरमन यायचे होते! त्यांच्याबिगर मंगलाष्टका न्हायत. माणसं उन्हानं कावलेली. मी मालकांना खूण केली, "ते यायच्या आत हिची उरकून टाका!"

मालकांनी घाईघाईनं रेकॉर्ड लावली आणि जीप दिसती का बघायला मांडवाच्या तोंडाशी गेले. सारंगी सुरू झाली. वऱ्हाडी एकमेकांकडं बघायला लागले. माझा जीव मुठीत.

अर्ध्यात सारंगी खाली खाली यायला लागली. म्हैस हंबरावी तशी झाली. मालकांचं लक्ष जिपेकडं. शकूची मान वर झाली, तोंड उघडलं, आणि मी मागून तिचा दंड दाबला, "गप ऱ्हा! आज तरी गप ऱ्हा!"

आणि जन्मात पहिल्यांदा पोरगी गप राहिली.

तेवढ्यात अंतरपाटाच्या पल्याडून आवाज आला, "अवो मामा, चावी उतरली! भरा की लवकर, सारंगीची चांगली जागा चाललीया!"

चुलता म्हणाला, "आँ?"

शकूनं भटजीच्या हातातला अंतरपाट धरला आणि खाली ओढला.